वितीभर धुरा

सकाळी मोर्णा नदीवर तोंड धुऊन नत्थुजी परत आला, आपल्या गाळ्यापुढं उभा राहिला आणि पाहतो तर धुरा अर्धाच उरला होता. काल दिवस मावळायच्या आधी त्यानं स्वतः ओणवं होऊन, बोटं ताणून मोजलं होतं. सरकारी माणसांनी ओढलेल्या चुन्याच्या रेघेपासून एक वीत जागा त्यानं आपल्या बाजूला रिकामी सोडली होती आणि मगच कापसाचं तख्त लावलं होतं. आपली वीत आपण सोडायची, शेजाऱ्याची शेजाऱ्यानं, दोन विती मिळून मधे धुरा राहतो. पलीकडचा गाळा काल रिकामा होता. आज तिथं बांबू रोवलेले, बांबूंना केळीचे खांब आणि ऊस बांधलेले, वर झेंडूच्या माळा, आणि हा सगळा हिरवागार आडोसा त्याच्या तख्तापासून फक्त एका वितीवर. रेघ कुठं दिसेना. रात्रीचं दव पडलेलं, सकाळपासून माणसांची ये-जा, चुना पार मातीत मिसळून गेला होता. नत्थुजीच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळली. ती त्यानं डाव्या हातानं एकेक करून उघडली आणि हात पाठीमागं नेला.

आता वितीभर जागेचं काय घेऊन बसलास, असं कुणीही म्हणेल. सरकारनं भरवलेली ही मालाची नुमाईश संपली की ह्याच मैदानात अकोल्याची गुरं पुन्हा चरायला येणार, हे काय नत्थुजीला ठाऊक नव्हतं? पण म्हणणाऱ्याचं काय जातं. तेल्हाऱ्याकडच्या काळ्या जमिनीत ज्यानं एक पावसाळा काढला असेल त्यानं असं म्हणून दाखवावं. दोन वावरांच्या मधली ती गवताची पट्टी. तिच्यावर नांगर जात नाही, वखर जात नाही, तिच्यात कुणी काही पेरत नाही. ती दोघांची असते आणि कुणाचीच नसते, आणि म्हणूनच तिच्यापायी माणसं मरतात. शेजारी दरसाल नांगराचा एक तास आत सरकतो. एकच तास, दिवसा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण अंथरुणावर पडलं की दिसतो. आणि त्या सालांमध्ये तर विचारूच नका. सातासमुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि सगळं जग वऱ्हाडाच्या तोंडाकडं बघत होतं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. लोकांनी देवळाच्या पायरीपर्यंत सरकी टोचली, मसणवट सोडली नाही, मग धुऱ्याची काय कथा. भाऊ भावाला पाण्यात पाहू लागला, आणि कचेरीत डोकी फुटल्याच्या फिर्यादी वाढल्या.

ह्या नुमाईशीत मात्र नत्थुजीला आल्या दिवसापासून बरं वाटत होतं, कारण इथं कायदे होते. कारकून केशवराव, पुण्याकडचा, गोरटेला, बोलायला मऊ, हातात मापाची काठी घेऊन मैदानभर फिरायचा आणि त्याच्यापुढं दवंडीवाला. गाळ्याची मागची भिंत उभ्या माणसाचा वर केलेला हात पोचेल एवढीच, त्याहून बोटभरही उंच नाही. बाजूचा आडोसा मागच्या अर्ध्यात पुरा, पुढच्या अर्ध्यात कमरेखाली, म्हणजे येणाऱ्याच्या नजरेतून शेजाऱ्याचा माल झाकला जाणार नाही. रस्त्यात दोरी नको, खुंटी नको, टोपली नको. माल कमरेएवढ्या तख्तावर मांडायचा, मालकानं बाजूला उभं राहायचं, मालापुढं फतकल मारून बसायचं नाही, येणाऱ्याचा हात धरून ओढायचं नाही. चूल आणि चिलीम मैदानाबाहेर. लोक ऐकून हसले. एकानं विचारलं, "मंग शिंकाचं कोनाले इचारून?" आणि सगळी रांग खिदळली. नत्थुजी हसला नाही. तो दवंडीवाल्याच्या मागं मागं पुढच्या रांगेत गेला आणि तेच कायदे पुन्हा ऐकून आला. कुणीतरी कुठंतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला होता. कोण कुणाच्या आड येईल, कोण कुणाच्या पुढं घुसेल, कुणाचं मस्तक कशानं भडकेल, सगळ्याचा आधीच विचार करून जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. आपल्या मुठीची कुणाला तरी आधीपासून काळजी आहे असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. दोन दिवस तो इतका शांत होता की मनकर्णा त्याच्याकडं चोरून चोरून पाहत होती. तो स्वतः लोकांच्या गाळ्यात जाऊन, बापू तुहा बांबू उंच झाला, भाऊ तुही खुंटी रस्त्यात आली, असं सांगत फिरला आणि शिव्या खाऊन आला, तरी त्याला राग आला नाही. धुऱ्याचा शब्द मात्र कायद्यांमध्ये कुठंच नव्हता. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. देवळात जाताना जोडे काढा असं काय दवंडी पिटून सांगावं लागतं?

आडोशामागून एक ठेंगणा माणूस बाहेर आला. हातात बांबू ठोकायची लाकडी मोगरी, धोतराला केळीच्या रसाचे काळे डाग. त्याच्या मागोमाग मनकर्णाच बाहेर आली, आणि ती हसत होती. नत्थुजीची बायको अशी मोकळी हसलेली त्यानं कैक महिन्यांत पाहिली नव्हती. "आवं, पाह्यलं का, हा आपल्या मोर्शीचा सहदेव," ती म्हणाली. "माह्या माहेराच्या मांगंच याचा मळा हाय. राती याच्या गाडीचा आस मोडला, म्हनून उशीर झाला." सहदेव माळ्यानं मोगरी खाली ठेवून हात जोडले. "राम राम पाटील. मनकर्णाबाईनं सांगतलं मले, कापूस तुमचा एक नंबर हाय म्हने."

"हे कूड मांगं घे," नत्थुजी म्हणाला.

"काहून जी?"

"धुरा कुठाय?"

सहदेवानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. माळ्याच्या जातीला धुरा ठाऊक नसतो, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? मळ्यात वाफ्याला वाफा लागून असतो, मधून पाण्याचा पाट, आणि पाटाच्या कडेलासुद्धा मेथी नाहीतर मुळा. शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधे काट्याचं कुंपण, आणि कुंपणावरसुद्धा वाल चढवलेला. बोटभर जमीन उघडी दिसली की माळणीच्या जिवाला चैन पडत नाही. "म्या रेघेवर बांबू गाडले जी," सहदेव म्हणाला. "कंदील धरून, रेघ पाहून पाहून गाडले. बोटभर इकडं नाही का तिकडं नाही." तो पुन्हा हसला. त्याचे दात पांढरे, बारीक, एकसारखे होते. नत्थुजी त्या दातांकडं पाहत राहिला. मनकर्णानं त्याच्या कोपराला हात लावला, अगदी हलका, आणि म्हणाली, "मी त्या कारकुनाले बोलावून आनतो. तो काठी लावीन, मोजून देईन. त्याच्यासाठीच तं ठेवला हाय त्याले सरकारनं. तुमी मांगं जाऊन बसा." मग तिनं आवाज खाली आणला. "आयकता ना जी?"

ऐकलं. तख्ताच्या मागं गवतावर जाऊन तो बसला, गुडघ्यांमधे हात दाबून. ती का घाबरली ते दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या हंगामात अमरावतीच्या बाजारात गाड्यांची ही रांग लागली होती, धुळीनं माणूस माणसाला दिसत नव्हतं, बैल तहानेनं हंबरत होते. नत्थुजीची गाडी पहाटेपासून उभी. कुणी एक गाडीवान कडेनं आला आणि त्यानं आपल्या गाडीची धुरी नत्थुजीच्या गाडीपुढच्या मोकळ्या जागेत घातली. बास, एवढंच. नत्थुजीनं जुवाची शिवळ उपसली, चांगली मनगटाएवढी जाड, आणि त्याच्या तोंडावर मारली. आवाज झाला तो वाळक्या पऱ्हाटीवर पाय पडावा तसा. गाडीवान खाली बसला आणि तोंडातून काहीबाही काढून तळहातावर घेऊन बघत राहिला, जणू त्याला ते कुणी खायला दिलं होतं. मनकर्णा कापसाच्या गाडीत वर बसली होती. ती ओरडली नाही. उतरली, बाजारातून सरळ चालत निघाली आणि मोर्शीची वाट धरली. पुढं महिनोन् महिने आली नाही. तो आणायला गेला तेव्हा बापासमोर उभी राहून तिनं सांगितलं, "यायनं माह्यावर कधी हात टाकला नाही, मी खोटं बोलनार नाही. पन ज्याचा हात असा उठते त्याच्या घरात मी लेकरू जन्माले घालनार नाही. पुन्हा एकडाव जरी मानसावर उठला, तं मी यायची बायको नाही." नत्थुजीनं सगळ्यांसमोर बैलाच्या कपाळावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून आजपर्यंत त्यानं कुणाला बोट लावलं नव्हतं. लावलं नव्हतं म्हणजे काय, रोज लावत होता, मनातल्या मनात. वाण्याचं नाक, तलाठ्याचे कान, वाटेनं जाणाऱ्या परक्याची मान. संध्याकाळी तो अंथरुणावर पडायचा तेव्हा दिवसभर कुऱ्हाड चालवल्यासारखे त्याचे खांदे दुखायचे. आणि मनकर्णाला वाटायचं, सुधारला. तिनं परवा येताना गाडीत, दुसरीकडं पाहत, पोटावर पदर ओढून घेत त्याला सांगितलं होतं की या खेपेला दिवस चुकले आहेत.

केशवराव काही लवकर येईना. साहेब आज फेरी मारणार होता, त्याच्यासाठी दाराशी कमान उभी राहत होती आणि कमानीची उंची कायद्यात बसते की नाही यावरून तिकडं वाद चालला होता. नत्थुजी बसून राहिला. आडोशापलीकडं सहदेव आपल्या भाजीवर पाणी शिंपडत होता आणि गुणगुणत होता. केळीच्या पानांमधून चार थेंब इकडं आले, नत्थुजीच्या मांडीवर पडले. त्यानं ते पुसले नाहीत. केळीच्या चिकाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि त्या वासाच्या खालून दुसरा एक वास वर येऊ लागला, उन्हाळ्यातल्या वखरलेल्या वावराचा. तो लहान होता. बाप वखर हाकत होता, आणि पलीकडच्या वावरात खुशालकाका, बापाचा सख्खा धाकटा भाऊ. बापानं बैल थांबवले. धुऱ्याच्या गवताशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग उठला, वखराची पास, ते लांब लोखंडी पातं, खिळ्यांतून ठोकून मोकळी केली, ती दोन्ही हातांत धरली आणि चालत गेला. पळाला नाही, चालत गेला. काका पाठमोरा होता. पुढचं सगळं नत्थुजीनं पाहिलं होतं, आणि गंमत अशी की ते त्याच्या डोळ्यांसमोर कधी येत नसे. यायचं ते नंतरचं. बाप परत आला, धुऱ्यावरच बसला, पाणी मागितलं, आणि नत्थुजीनं दिलेला तांब्या तोंडाला लावून एका दमात रिता केला. त्याच्या कपाळावर जन्मापासूनच्या ज्या दोन उभ्या आठ्या होत्या त्या गेल्या होत्या. मग तो बाभळीखाली आडवा झाला आणि झोपला. रात्र रात्र कूस बदलणारा माणूस, चक्क घोरत होता. शिपाई येईपर्यंत नत्थुजी त्याच्या अंगावरच्या माशा हाकलत बसला. बापाला काळ्या पाण्यावर धाडलं, तो परत आला नाही. आई, मैनाबाई, त्याचं नाव घेईनाशी झाली. पलीकडच्या घरात सुभद्राकाकी पांढऱ्या कपाळानं वावरत राहिली. आणि तो धुरा? दोन्ही घरांनी भिऊन इतकी इतकी जागा सोडली की आता त्यावरून गाडी जाते, आणि त्यात बाभळी माजल्या आहेत. लोकांना वाटायचं नत्थुजी बापाच्या आठवणीनं भितो. कसला भितो. त्याला त्या झोपेचा हेवा वाटायचा. हे त्यानं मनकर्णाला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे तक्रार?" केशवराव आला. त्याच्यामागं दोन पट्टेवाले, मनकर्णा, आणि आजूबाजूच्या गाळ्यांतली रिकामटेकडी माणसं. नत्थुजी उठला. त्याला वाटलं होतं आपल्याला नीट बोलता येणार नाही, पण आलं. "रावसाहेब, म्या माही वीत सोडली. यानं याची सोडली नाही. धुरा अर्धा खाल्ला यानं." केशवरावानं भुवया वर केल्या, पण हसला नाही. मागच्या भिंतीशी जाऊन त्यानं सरकारी खुंटी शोधली, पुढची शोधली, दोन्हींना दोरी ताणून लावली आणि वाकून काठी टेकवली. सगळे वाकून बघू लागले. दोरी सहदेवाच्या बांबूंना बरोबर घासून गेली होती. मांडायचंच असतं तर यापेक्षा नेमकं मांडता आलं नसतं. "हे पाहा पाटील," केशवराव म्हणाला, "हा मनुष्य रेघेवर आहे. आमचा नियम असा की गाळा रेघेपर्यंत भरायचा. मधे मोकळी जागा सोडायची नाही, लोक तिथून आतबाहेर करतात, माल पाडतात. ही जी वीतभर जागा आहे ना, ती तुमचीच आहे. तुम्हीच ती रिकामी टाकली आहे."

"मंग धुरा?"

"इथे धुरा नसतो हो. ही शेती नव्हे." आणि हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की आसपासची माणसं हसली. वाईट नाही हसली. त्यांची स्वतःचीही वावरं होती, त्यांनाही समजलं होतं हा काय समजून बसला ते. एक जण म्हणाला, "पाटलानं नुमाईशीतबी धुरा सोडला राजेहो." सहदेव हसला. मनकर्णासुद्धा हसली, सुटल्यासारखी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग नत्थुजीही हसला. खरंच हसू आलं त्याला. आपण किती खुळे, असं वाटलं. छातीतला सकाळपासूनचा धोंडा बाजूला झाला. सगळं मिटलं होतं. तिथंच मिटायला हवं होतं.

पण हसता हसता त्याची नजर त्या दोरीवर गेली. दोन खुंट्या, एक दोरी, एक काठी. किती वेळ लागला? पान लावून खायला जितका लागतो तितकाही नाही. आणि तेल्हाऱ्याला त्या दिवशी कुणीच मोजलं नव्हतं. बापानं नाही, काकानं नाही, नंतर आलेल्या शिपायांनी नाही, कचेरीत नाही. धुरा खाल्ला असं बाप म्हणाला आणि सगळ्यांनी धरून चाललं. नत्थुजीनं तर जन्मभर धरून चाललं. मोजता येतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि समजा मोजलं असतं. समजा दोरी अशीच काकाच्या वावरातल्या शेवटच्या तासाला घासून गेली असती, आणि असाच कुणी मऊ बोलणारा म्हणाला असता, पाहा पाटील, हा मनुष्य रेघेवर आहे. मग बाप काय करून बसला? काहून गेला तो? आणि सुभद्राकाकीचं कपाळ, आणि मैनाबाईची वाचा, आणि त्या बाभळी, हे सगळं कशासाठी? ह्या लोकांना हसायला? त्याच्या तोंडावर हसू तसंच होतं, ते कसं काढून टाकायचं ते त्याला कळेना. केशवराव दोरी गुंडाळत होता. रांगेतली माणसं आपापल्या गाळ्याकडं निघाली होती.

आणि तेवढ्यात सहदेवानं चांगुलपणा केला. त्याला राहवलंच नाही. माळी तो, रिकामी जागा त्याला बघवेना. "सरका पाटील, मी लावून देतो नीट," असं म्हणत त्यानं मधल्या वितीत एक पाय रोवला आणि नत्थुजीच्या तख्ताची कड धरून तो ते आपल्या आडोशाकडं ओढू लागला, म्हणजे नत्थुजीला वीतभर जागा जास्त मिळावी, कापूस पसरून मांडता यावा. त्याचा ओला, चिखलानं भरलेला पाय धुऱ्यावर पडला होता. पाठ इकडं होती.

रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात. साफ खोटं. नत्थुजीला सगळं लख्ख दिसत होतं. सहदेवाच्या मानेवरचा घाम दिसला, कानामागचा तीळ दिसला, आडोशाला टेकून ठेवलेली मोगरी दिसली, आणि दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली मनकर्णा दिसली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. थांबता येईल हेही त्याला दिसलं. त्यानं मोगरी उचलली आणि सहदेवाच्या कानावर घातली. पहिल्या घावाला सहदेव नुसता वळला, काही विचारायचं असावं तसा, आणि त्याच्या तोंडातून "पाटी…" एवढंच निघालं. दुसरा घाव कपाळाच्या कडेला बसला आणि तो आपल्याच आडोशावर कोसळला. बांबू मोडले, केळी आडव्या झाल्या, पलीकडची वांगी आणि कांदे रस्त्यात घरंगळत गेले. तिसरा घाव नत्थुजीनं खाली वाकून घातला. त्याची काहीच गरज नव्हती. तो घालतानाही त्याला हे कळत होतं की काहीच गरज नाही, आणि म्हणूनच तो त्यानं जपून, नेम धरून घातला. मग पट्टेवाल्यांनी त्याला पाडलं, कुणी पाठीवर बसलं, कुणी त्याचे हात पिरगाळले, कुणी तोंडावर लाथ मारली. कशालाच त्यानं विरोध केला नाही.

सहदेवाला बाजेवर घालून नेलं. त्याचा एक डोळा उघडाच राहिला होता आणि घशातून गळणाऱ्या मोटेसारखा आवाज येत होता. जगेल की नाही कुणी सांगेना. नत्थुजीला ऊस बांधलेल्या दोरीनं त्याच्याच गाळ्याच्या मागच्या खांबाला बांधून ठेवलं, कारण चौकीचे शिपाई साहेबाच्या बंदोबस्ताला गेले होते आणि ते आल्याशिवाय हलवायचं नाही असाही काही कायदा होता. ओठ फाटला होता, एक दात हलत होता. आणि अंगात, खांद्यांपासून खाली, सावकाश, एक हलकेपणा उतरत होता. आला होता तो. इतक्या वर्षांनी आला होता. नत्थुजीनं डोळे मिटले. लाज वाटायला हवी होती, पोटातल्या लेकराची आठवण यायला हवी होती, सगळं काही वाटायला हवं होतं, आणि त्याला फक्त छान वाटत होतं. मनकर्णा गेली असेल, मोर्शीच्या वाटेला लागली असेल, असं त्यानं मिटल्या डोळ्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तेही त्याला फार दूरचं वाटलं.

पण ती गेली नव्हती. आवाज झाला म्हणून त्यानं डोळे उघडले. ती तख्त ओढत होती. एकटीनं, पोटाला चुकवून, मांडीचा जोर लावून तिनं ते जागेवर आणलं, पडलेल्या केळी पायानं बाजूला सारल्या, आणि विस्कटलेला कापूस पुन्हा मांडायला लागली. हा कापूस तिनं वेचला होता. पहाटे, पानांवर दव असताना, म्हणजे वाळका पाला चुरून कापसाला चिकटत नाही. उन्हं चढली की थांबायची, बाकीच्या बाया हसल्या तरी थांबायची. एकेक बोंड तिनं बोटांनी निवडलं होतं, किडकं बाजूला, पिवळं बाजूला. नत्थुजीनं फक्त गाडी हाकली होती. मांडून झाल्यावर तिनं पदर सारखा केला आणि तख्ताच्या बाजूला, सांगितलं होतं तशी, उभी राहिली.

साहेबाची फेरी आली. केशवराव घामाघूम झाला होता, ह्या रांगेवरून साहेबाला दुसरीकडं वळवायचा त्याचा खटाटोप चालला होता. मोडलेला आडोसा, तुडवलेली भाजी, बांधलेला माणूस, यातलं काही दिसू नये म्हणून तो अंग आडवं घालत होता. पण साहेब कापसापाशी थांबला. त्यानं हातमोजा काढला, चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांच्या बोटांनी तो हळूहळू ताणला, उजेडाकडं धरून तंतू पाहिला, पुन्हा ताणला. मग मागं वळून काहीतरी बोलला. केशवरावानं एकदा बांधलेल्या नत्थुजीकडं पाहिलं, एकदा मनकर्णाकडं.

"साहेब विचारतात, हा कापूस कोणाचा?"

"माहा," मनकर्णा म्हणाली.

"वेचला कोणी?"

"म्या."

"आणि तुमचे मालक? मालक कुठे आहेत, असं विचारतात."

नत्थुजीनं मान वर केली. तिच्यापासून तो इतका जवळ होता की हात मोकळा असता तर तिच्या पदराला लागला असता. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पुन्हा साहेबाकडं तोंड केलं. तिचं कुंकू तसंच होतं, हातात बांगड्या होत्या. आवाज कापला नाही, चढला नाही.

"मालक नाही जी," ती म्हणाली. "मेले."

साहेबानं पुन्हा विचारलं तेव्हा केशवरावानं खाली मान घालून साहेबाच्या भाषेत दोन शब्द सांगितले. साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर तसाच उभा राहिला, आणि पुढच्या गाळ्याकडं गेला.